क्षमताधिष्ठित दंतशिक्षण : भारतातील बदलाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीचा अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित करावा, ही चर्चा भारतातील दंतमहाविद्यालयांत गेली काही वर्षे सुरू आहे. विद्यार्थी, पालक, अध्यापक आणि क्वचित रुग्णही या संदर्भात जे प्रश्न विचारतात, त्यांपैकी नेहमीचे प्रश्न येथे घेतले आहेत. जेथे खरा वाद आहे तेथे उत्तर लांबले आहे, बाकीची उत्तरे थोडक्यात आटोपली आहेत.

क्षमताधिष्ठित दंतशिक्षण म्हणजे नेमके काय?

पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या दंतवैद्याला कोणती कामे कोणाच्याही देखरेखीशिवाय करता आली पाहिजेत हे आधी ठरवायचे, ती येईपर्यंत शिकवायचे आणि ती आली आहेत की नाहीत हे प्रत्यक्ष पाहून ठरवायचे, एवढाच या पद्धतीचा गाभा आहे. प्रचलित पद्धत नेमकी उलट्या टोकाने सुरू होते. तिच्यात विषय, तास आणि वर्षे ठरलेली असतात. त्या मुदतीत विद्यार्थ्याला जेवढे येईल तेवढे येते आणि पन्नास टक्के गुण मिळाले की तो पुढच्या वर्गात जातो. लेखी विषयात पन्नास टक्क्यांना काही अर्थ असू शकतो. मात्र खालच्या जबड्याची नस बधिर करण्याचे इंजेक्शन एखाद्याला पन्नास टक्के येते, या विधानाचा अर्थ कोणालाही सांगता येणार नाही. सुतार, शिंपी किंवा तबलजी यांच्याविषयी बोलताना आपण ‘हात बसला’ असे म्हणतो. क्षमताधिष्ठित शिक्षण हे हात बसण्याला, आणि हाताबरोबर बुद्धी, जीभ व नीती बसण्यालाही, परीक्षेत जागा देऊ पाहते.

आताच्या पद्धतीत असे काय चुकते की ती बदलावी लागावी?

दंतमहाविद्यालयात शिकलेल्या कोणालाही ‘कोटा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक विभागात इतकी स्केलिंग (दात साफ करणे), इतकी फिलिंग, इतके दात काढणे, इतक्या कवळ्या असा आकडा ठरलेला असतो आणि तो पुरा करून कामाच्या नोंदवहीवर, म्हणजे जर्नलवर, सही मिळवल्याखेरीज परीक्षेला बसता येत नाही. हा आकडा मुळात विद्यार्थ्याला पुरेसा सराव मिळावा म्हणून आला, यात शंका नाही. परंतु मोजली जाते तीच गोष्ट पुढे साध्य होऊन बसते. विभागातली पाळी, म्हणजे पोस्टिंग, संपत आल्यावर विद्यार्थी सोपे दात शोधत फिरतात, हलणारा पुढचा दात असलेला वृद्ध रुग्ण दिसला की त्याच्याभोवती गर्दी करतात, आणि अनेक ठिकाणी तर स्वतःच्या खिशातून केसपेपरचे व उपचाराचे पैसे भरून नातेवाईक आणि ओळखीच्या माणसांना खुर्चीवर बसवतात. वीस दात काढल्याची नोंद असलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने वीसही हलणारे दात काढलेले असू शकतात आणि दुसऱ्याने त्यात किडून मुळापर्यंत गेलेल्या दहा दाढा काढलेल्या असू शकतात. जर्नलमध्ये दोघांची ओळ सारखीच दिसते.

याचा खरा हिशेब इंटर्नशिपनंतर होतो. तालुक्याच्या गावी नव्याने दवाखाना थाटलेल्या पदवीधराच्या हातून पहिल्यांदा दाढेचे मूळ आत तुटते, त्या क्षणी त्याला कोट्याचा आकडा मदत करत नाही. मूळ आत ठेवायचे की काढायचे, रुग्णाला काय सांगायचे, त्याला पुढे कोणाकडे आणि किती तातडीने पाठवायचे, हे निर्णय त्याने याआधी कधी कोणाच्या नजरेखाली घेतलेले नसतात. विभागात असे झाले की वरिष्ठ पुढे येत आणि विद्यार्थी बाजूला सरकत असे. त्याला हे शिकण्याची वेळ आली असतानाच ती त्याच्याकडून काढून घेतली जात होती.

ही कल्पना कोठून आली?

अमेरिकेत विल्यम गीज यांचा दंतशिक्षणावरचा अहवाल १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने दंतशिक्षण विद्यापीठीय विज्ञानाच्या पायावर उभे करण्याचा आग्रह धरला. त्या वेळी तो आग्रह योग्यच होता, कारण त्याआधीचे बरेचसे शिक्षण नफ्यासाठी चालणाऱ्या शाळांतून होत असे. पुढे तराजू दुसऱ्या बाजूला कलला आणि शास्त्र भरपूर, कामाची परीक्षा तोकडी, अशी तक्रार वैद्यकाच्या सर्वच शाखांत होऊ लागली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी वस्तुनिष्ठ संरचित चिकित्सा परीक्षा, म्हणजे आज सर्वत्र ‘ऑस्की’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत, मांडली. १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी चार पायऱ्यांचा प्रसिद्ध पिरॅमिड मांडला: माहीत आहे, कसे करायचे हे माहीत आहे, करून दाखवतो, आणि रोजच्या कामात करतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेतील आणि त्यानंतर युरोपातील दंतशिक्षण संघटनांनी नव्या दंतवैद्याच्या क्षमतांच्या याद्या तयार केल्या. भारतात कलकत्त्याला डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये पहिले दंतमहाविद्यालय सुरू केले आणि मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये आले. म्हणजे संस्थांची परंपरा आपल्याकडे शतकाची आहे, परीक्षेची चौकट मात्र तुलनेने फार थोडी बदलली आहे.

भारतातील कायदा आणि नियम आज काय सांगतात?

१९४८ च्या दंतवैद्य कायद्यानुसार १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. तिने २००७ मध्ये केलेली बीडीएसची नियमावली, नंतरच्या दुरुस्त्यांसह, आजच्या अभ्यासक्रमाचा पाया आहे: चार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची फिरती इंटर्नशिप. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. त्यात परिषदेच्या जागी आयोग, त्याच्या हाताखाली शिक्षण, मूल्यांकन व मानांकन, तसेच नीतिमत्ता व नोंदणी अशी तीन मंडळे आणि एक राष्ट्रीय निर्गम परीक्षा, म्हणजे पदवीच्या शेवटी होणारी देशव्यापी परीक्षा, यांची तरतूद आहे.

येथे एक गंमत नोंदवली पाहिजे. २००७ च्या नियमावलीतच पदवीधर दंतवैद्याच्या अंगी कोणत्या क्षमता असाव्यात याची यादी छापलेली आहे. निदान, उपचाराची आखणी, संवाद, व्यवसायाचे व्यवस्थापन असे सगळे तिच्यात आहे. क्षमता हा शब्द आपल्याला नवा नाही. नियमावलीच्या एका भागात क्षमता आणि दुसऱ्या भागात गुणांची विभागणी आहे, आणि या दोन भागांचे एकमेकांशी बोलणे नाही. लेखी परीक्षेला सत्तर गुण, तोंडी परीक्षेला वीस आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाला दहा, अशी विभागणी असताना विद्यार्थी कशाचा अभ्यास करील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बदल कोठे व्हायला हवा हेही त्यातूनच कळते. नवी यादी करणे हे त्यातले सर्वांत सोपे काम आहे.

एमबीबीएसमध्ये ही पद्धत आलीच आहे. तीच उचलून बीडीएसला लावता येणार नाही का?

एमबीबीएससाठी २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. सुरुवातीचा पायाभूत वर्ग, पहिल्या वर्षापासून रुग्णाशी ओळख आणि वृत्ती, नीती व संवाद यांसाठीचा ‘एटकॉम’ हा भाग, या त्यातील तीन गोष्टी दंतशिक्षणाने निःसंकोच घ्याव्यात. परंतु दोन्ही शिक्षणांत एक मूलभूत फरक आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी पदवीपर्यंत प्रामुख्याने निरीक्षण, तपासणी आणि साहाय्य करतो. बीडीएसचा विद्यार्थी मात्र तिसऱ्या वर्षापासून रुग्णाच्या तोंडात स्वतः काम करतो, आणि ते कामही बहुधा परत न फिरवता येणारे असते; एकदा कोरलेला दात पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून दंतशिक्षणात ‘हे काम याच्यावर केव्हा सोपवायचे’ हा प्रश्न अधिक लवकर आणि अधिक नेमकेपणाने विचारावा लागतो. शेकडो क्षमतांची जाडजूड पुस्तके छापण्यापेक्षा मोजक्या कामांवर लक्ष एकवटणे आपल्याला अधिक परवडेल, असे आमचे मत आहे.

क्षमता आणि कौशल्य यांत फरक काय?

दात काढता येणे हे कौशल्य आहे. मधुमेह असलेल्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या, ‘आत्ताच काढून टाका, परत यायला जमणार नाही’ असे म्हणणाऱ्या साठीच्या माणसाचा दात आज काढायचा की नाही हे ठरवणे, त्याच्या फिजिशियनशी बोलणे, त्याला समजेल अशा भाषेत धोका सांगून संमती घेणे, बधिरतेचे औषध योग्य मात्रेत देणे, दात काढणे, रक्तस्राव थांबल्याची खात्री करणे, सुई सुरक्षित टाकणे आणि हे सगळे केसपेपरवर दुसऱ्याला वाचता येईल असे लिहिणे, ही क्षमता आहे. कौशल्य तिच्या पोटात असते. त्यामुळेच ‘विद्यार्थ्यास दात काढण्याच्या चिमट्यांची माहिती असावी’ हे वाक्य क्षमता म्हणून लिहिलेले दिसले की ती यादी जुन्या अभ्यासक्रमावर नवे कव्हर घालून केली आहे असे खुशाल समजावे.

मग परीक्षा कशी होते?

एकाच दिवशी, एकाच रुग्णावर, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर होणारी प्रात्यक्षिक परीक्षा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असते. तिच्यात नशिबाचा वाटा फार मोठा आहे. एखाद्याचा रुग्ण येतच नाही, एखाद्याच्या रुग्णाचा दात पहिल्याच झटक्यात निघतो, आणि परीक्षक बहुतेक वेळा पूर्ण झालेले काम पाहतो, काम होताना पाहत नाही. क्षमताधिष्ठित पद्धतीत निर्णय अनेक छोट्या निरीक्षणांवर उभा राहतो. अध्यापक दहा-पंधरा मिनिटे विद्यार्थ्याच्या शेजारी उभे राहतात, एक ठरावीक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहतात, एका पानाच्या तक्त्यावर शेरा लिहितात आणि काय चांगले झाले व पुढच्या वेळी काय बदलायचे हे लगेच तेथेच सांगतात. अशी निरीक्षणे वर्षभर, वेगवेगळ्या अध्यापकांकडून, वेगवेगळ्या अवघडपणाच्या रुग्णांवर होत राहतात.

याच्या जोडीला ऑस्की असते. पाच-पाच मिनिटांच्या स्थानकांवरून सर्व विद्यार्थी फिरतात: एका ठिकाणी क्ष-किरण चित्र वाचायचे, दुसरीकडे मुलाच्या वजनावरून बधिरतेच्या औषधाची कमाल मात्रा काढायची, तिसरीकडे चुकून सुई टोचलेल्या सहकाऱ्यासाठी पुढची पावले सांगायची, चौथीकडे तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा तपासणीला पाठवावा लागेल हे रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीला सांगायचे. हे चौथे स्थानक बहुतेकांना सर्वांत अवघड जाते. भरपूर शास्त्र पाठ असलेला विद्यार्थीही येथे ‘काही नाही हो, साधी टेस्ट आहे’ असे म्हणून मोकळा होतो, किंवा उलट पहिल्याच वाक्यात कॅन्सर हा शब्द उच्चारून समोरच्याला गारठवतो.

या सर्व पुराव्यावरून शेवटी जो निर्णय घ्यायचा, त्यासाठी नेदरलँड्समधील ऑले टेन काटे यांनी २००५ मध्ये मांडलेली कल्पना उपयोगी पडते. मराठीत तिला ‘भरवशाने सोपवण्याजोगे काम’ म्हणता येईल. विद्यार्थ्याला गुण देण्याऐवजी त्या कामापुरती त्याची पायरी ठरवायची: केवळ पाहू शकतो, कोणी शेजारी उभे असताना करू शकतो, अध्यापक हाकेच्या अंतरावर असले तरी करू शकतो, एकटा करू शकतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. अनुभवी अध्यापक मनातल्या मनात हे नेहमीच ठरवत असतात. ‘याच्याकडे दे, हा करील’ आणि ‘त्याच्याजवळ जरा उभा राहा’ ही वाक्ये प्रत्येक विभागात रोज ऐकू येतात. तीच आता लिहून ठेवायची आणि विद्यार्थ्याला उघडपणे सांगायची आहेत.

कोटा पूर्ण रद्द करायचा का?

नाही. सरावाशिवाय हात बसत नाही, आणि किमान संख्येची अट काढून टाकली तर रुग्ण कमी असलेल्या संस्थांना आयतीच पळवाट मिळेल. संख्या ही परीक्षेला बसण्याची अट राहावी, उत्तीर्ण होण्याचा पुरावा मात्र नसावी. शिवाय ती संख्या अवघडपणानुसार विभागली पाहिजे, म्हणजे वीस हलणारे दात आणि दहा किडक्या दाढा यांची ओळ सारखी दिसणार नाही.

क्षमतांची यादी कोणी करावी? युरोप-अमेरिकेची यादी चालणार नाही का?

आराखडा म्हणून चालेल, मजकूर म्हणून नाही. आपल्या देशातील दंतवैद्यासमोर जो माणूस येऊन बसतो त्याच्यापासून यादी सुरू झाली पाहिजे.

जगात तोंडाच्या कर्करोगाचे जेवढे नवे रुग्ण दरवर्षी आढळतात, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या भारतात असतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी विदर्भात खर्रा घोटला जातोच आणि ग्रामीण भागात अनेक स्त्रिया आजही सकाळी मशेरी लावतात. सुपारीमुळे गालाच्या आतील आवरण ताठर होऊन तोंड उघडेनासे होण्याचा आजार आपल्याकडच्या ओपीडीत नित्याचा आहे, तर युरोपातील अनेक विद्यार्थ्यांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो. म्हणून आपल्या यादीत पहिल्या पाचांत हे काम असायला हवे: कोणत्याही तक्रारीसाठी आलेल्या प्रत्येक रुग्णाचे संपूर्ण तोंड तपासणे, तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहिणे, संशयास्पद चट्टा ओळखणे, त्याचा तुकडा तपासणीसाठी घेणे किंवा विनाविलंब योग्य ठिकाणी पाठवणे, आणि तंबाखू सोडण्याविषयी उपदेशाचा डोस न पाजता बोलणे. नियमावलीत मुखरोगनिदान हा विषय आहेच. पण दाढ दुखते म्हणून आलेल्या शेतमजुराच्या जिभेखाली विद्यार्थ्याने पाहिले का, हे कोणतीही सध्याची परीक्षा विचारत नाही.

दुसरे उदाहरण उपचाराच्या निवडीचे. यवतमाळ, चंद्रपूर किंवा नांदेडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडलेली मुले दिसतात. तेथे प्रश्न पाण्याच्या स्रोताचाही असतो आणि तो ओळखून आरोग्य यंत्रणेला कळवणे हे दंतवैद्याचे काम आहे. वीज नसलेल्या आश्रमशाळेत ड्रिल चालत नाही. अशा ठिकाणी हाताच्या साधनांनी कीड काढून ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट भरण्याची पद्धत उपयोगी पडते. ती १९८० च्या दशकात टांझानियात आकाराला आली, म्हणजे ती श्रीमंत देशांतल्या दवाखान्यांत घडलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कीड थांबवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयोनोमर या दोहोंचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. तरीही अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याची प्रतिष्ठा आजही तो सिरॅमिकचे काम किती करतो यावर ठरते.

ही यादी करताना शहरातील प्राध्यापकांच्या बरोबरीने ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातील दंतशल्यचिकित्सक, एकट्याने दवाखाना चालवणारे सामान्य दंतवैद्य आणि दोन-तीन वर्षांपूर्वी पदवी घेतलेले तरुण यांना बसवले पाहिजे. आपल्याला काय शिकवले गेले नाही हे त्या तरुणांना सर्वांत ताजे आठवत असते. प्रत्येक विषयाच्या तज्ज्ञाला एकेक पान दिले तर प्रत्येक जण आपल्या एमडीएसचा, म्हणजे पदव्युत्तर पदवीचा, अर्धा अभ्यासक्रम त्यात कोंबतो, हा वैद्यकीय याद्यांचा अनुभव आहे.

नवे सिम्युलेटर घेतले म्हणजे काम होईल का?

होणार नाही. फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, टायपोडाँटच्या (नकली जबड्याच्या) दातात खाच कोरण्याचा सराव आवश्यक आहे, परंतु प्लास्टिकचा दात ओरडत नाही, लाळ गाळत नाही आणि जीभ मध्ये आणत नाही. उपकरणाच्या शेजारी पाहणारा अध्यापक नसेल तर विद्यार्थी स्वतःची चूकच पक्की करत जातो.

रुग्णच कमी असलेल्या महाविद्यालयांचे काय?

हा सर्वांत अडचणीचा प्रश्न आहे आणि चर्चासत्रांत तो हमखास टाळला जातो. देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खासगी आहेत. काही ठिकाणी ओपीडी ओसंडून वाहते, तर काही ठिकाणी ती निरीक्षण पथक येणार त्या दिवशीच भरते, अशी कुजबूज या क्षेत्रात जुनी आहे. रुग्णाशिवाय क्षमता येत नाही. त्यामुळे क्षमताधिष्ठित पद्धत प्रामाणिकपणे लावली तर काही संस्थांच्या जागा आपोआप प्रश्नांकित होतील, आणि विरोधाचे एक न बोललेले कारण हेही असावे.

उपाय नाहीत असे नाही. नियमावलीनुसार इंटर्नशिपच्या बारा महिन्यांपैकी तीन महिने सार्वजनिक दंत आरोग्य व ग्रामीण सेवेसाठी आहेत. हा काळ अनेकांना पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाची सुटी वाटतो. तोच काळ ग्रामीण रुग्णालयातील दंतविभागात, तेथील दंतशल्यचिकित्सकाला अध्यापकाचा दर्जा व मानधन देऊन, खऱ्या कामात घालवला तर रुग्णांचा तुटवडा आणि गावांतील सेवेचा तुटवडा हे दोन्ही काही अंशी कमी होतील. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही तेथे पाळीपाळीने पाठवता येईल. फिरती दंतव्हॅन बाहेर काढून, शिबिरात तीनशे जणांची तपासणी झाल्याचा फोटो काढून परत येणे, हे मात्र यात मोडत नाही.

अध्यापकांना हे जमेल का? त्यांच्याकडे वेळ कोठे आहे?

आमच्या मते सगळी सुधारणा या एका प्रश्नावर तरते किंवा बुडते. एमडीएस झालेला माणूस आपल्या विषयात निष्णात असतो. पण पाहायचे कसे, पाहिलेले विद्यार्थ्याला न दुखावता आणि न गुळमुळीत करता सांगायचे कसे, आणि नापास करायचे असेल तर त्याचे कारण कागदावर टिकेल असे लिहायचे कसे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. वैद्यकीय महाविद्यालयांत यासाठी कार्यशाळांची साखळी उभी राहिली. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ पासून आरोग्यशिक्षकांसाठी फाइमर संस्थेची फेलोशिप चालते. असे प्रशिक्षित लोक दंतमहाविद्यालयांत मूठभर नव्हे, प्रत्येक विभागात किमान एक या प्रमाणात हवेत.

कार्यशाळेपेक्षाही एक साधा प्रयोग अधिक शिकवून जातो. विद्यार्थ्यांनी कोरलेले दहा दात टेबलावर मांडावेत आणि विभागातील सर्व अध्यापकांनी एकमेकांचे न पाहता त्यांना गुण द्यावेत. एकाच दाताला कोणी चार आणि कोणी आठ दिलेले निघतात. सुरुवातीला हसू येते, मग वाद होतो, आणि त्या वादातूनच ‘चांगले’ म्हणजे काय याची विभागाची एक समान व्याख्या तयार होते. ती झाल्याशिवाय तक्ते छापण्यात अर्थ नाही.

वेळेविषयीची तक्रार खरी आहे. एक अध्यापक आणि पंधरा खुर्च्या असतील तर निरीक्षण होऊ शकत नाही. परंतु प्रत्येक काम पाहायचे नसते. एका क्लिनिकल सत्रात प्रत्येक अध्यापकाने दोन विद्यार्थ्यांना पंधरा-पंधरा मिनिटे पूर्ण पाहिले, तरी वर्षाअखेर प्रत्येक विद्यार्थ्याविषयी आजच्या कितीतरी पट अधिक माहिती हाती असते. त्यासाठी पाठांतराच्या तोंडी परीक्षांचे आणि त्याच त्या स्लाइड वाचून दाखवणाऱ्या व्याख्यानांचे तास कमी करावे लागतील. तेथे कुरकुर होईल, कारण व्याख्यान देणे सोपे असते.

हे सगळे शेवटी नोंदवह्या भरण्याचे काम होणार नाही कशावरून?

होऊ शकते, आणि महाराष्ट्रातील वाचकांना ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. नव्वदच्या दशकात प्राथमिक शाळांत ‘किमान अध्ययन क्षमता’ आल्या, पुढे शिक्षणहक्क कायद्यानंतर ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आले, आणि कित्येक शाळांत मुलांकडे पाहण्याऐवजी मुलांविषयीच्या नोंदी लिहिण्यातच शिक्षकांचा दिवस गेला. तयार नोंदींची पुस्तके बाजारात विकत मिळू लागली. ही कल्पनेची चूक नव्हती. नोंद तपासली जात होती आणि निरीक्षण तपासले जात नव्हते, म्हणून असे झाले. दंतशिक्षणात हे टाळायचे असेल तर सोपवण्याजोगी कामे सुरुवातीला दहा-बारांपेक्षा अधिक ठेवू नयेत, तक्ता एका पानाचा असावा आणि बाहेरून येणाऱ्या पथकाने फायलींची जाडी न पाहता कोणत्याही चार विद्यार्थ्यांना एखादे काम करून दाखवायला सांगावे. या नोंदींचा संग्रह, म्हणजे पोर्टफोलिओ, मोबाइलवर भरण्याची सोय चांगली आहे, परंतु परीक्षेच्या आदल्या रात्री वर्षभराच्या चाळीस नोंदी एकदम भरल्या गेल्या तर त्या वेळेच्या शिक्क्यासह दिसल्या पाहिजेत.

एखाद्या विद्यार्थ्याला अधिक वेळ लागला तर त्याचे वर्ष वाया जाईल का?

तत्त्वतः या पद्धतीत वेळ लवचिक असतो आणि अपेक्षा पक्की असते. आपल्या विद्यापीठांचे वेळापत्रक, शुल्क आणि प्रवेशप्रक्रिया पाहता पूर्ण लवचिकता लगेच शक्य नाही. व्यवहार्य मार्ग असा की, मागे पडलेला विद्यार्थी वर्षाच्या शेवटी न सापडता तिसऱ्या महिन्यातच सापडावा आणि त्याच्यासाठी अतिरिक्त सत्रे ठेवावीत. कामाची एक पायरी अपुरी राहिली म्हणून संपूर्ण विषयात अनुत्तीर्ण करण्याची गरज नसते. मात्र संसर्गप्रतिबंध, रुग्णाची संमती आणि खोटी नोंद न करणे या तीन बाबतींत सवलत देऊ नये. ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक न केलेले साधन वापरणाऱ्याला इतर विषयांतील गुण तारू शकत नाहीत.

राष्ट्रीय निर्गम परीक्षा आली की वेगळ्या क्षमता-परीक्षेची गरज उरेल का?

गरज वाढेल. देशभरातील हजारो पदवीधरांसाठी एकच परीक्षा घ्यायची तर तिचा मोठा भाग बहुपर्यायी प्रश्नांचा असणार, आणि असे प्रश्न, कितीही चांगले काढले तरी, मिलरच्या पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंतच पोहोचतात. तीच परीक्षा परवान्यासाठी आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी वापरायची असल्याने अंतिम वर्षाचे विद्यार्थी खुर्ची सोडून कोचिंग क्लासकडे वळण्याचा धोका आहे. यावर एकच बांध घालता येतो: महाविद्यालयाने ठरावीक कामे या विद्यार्थ्यावर एकट्याने सोपवता येतात असे प्रमाणित केल्याशिवाय त्याला त्या परीक्षेला बसू देऊ नये, आणि ती प्रमाणपत्रे नमुन्यादाखल बाहेरच्या परीक्षकांनी पडताळावीत.

रुग्ण म्हणून मला काय फरक पडेल? विद्यार्थी माझ्यावर शिकणार का?

विद्यार्थी आजही रुग्णांवरच शिकतात आणि त्याला पर्याय नाही. फरक एवढाच की कोणता विद्यार्थी कोणते काम कोणाच्या नजरेखाली करतो आहे हे ठरलेले असेल आणि आपण विचारल्यास ते आपल्याला सांगितले जाईल. आपल्याला नकार देण्याचा अधिकार आहे, आणि नकारामुळे उपचार लांबणीवर टाकता येत नाहीत. कमी खर्चात उपचार घेणारा माणूस सरावाचे साधन नसतो, हे विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी ऐकलेले असावे.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी महाविद्यालयाला काय विचारावे?

इमारत आणि वसतिगृह दाखवले जाईलच. शक्य असल्यास कोणतीही पूर्वसूचना न देता मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास ओपीडीत जाऊन बसावे आणि नवे केसपेपर किती निघतात हे पाहावे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचाराव्यात: रुग्ण तुम्हाला स्वतः आणावे लागतात का, आणि गेल्या महिन्यात तुम्ही काम करत असताना अध्यापकांनी किती वेळा शेवटपर्यंत उभे राहून पाहिले. इंटर्नना विद्यावेतन प्रत्यक्ष मिळते का हेही त्यांनाच विचारावे, कार्यालयाला नव्हे.

ज्या महाविद्यालयाला आयोगाच्या आदेशाची वाट पाहायची नाही, त्याने सुरुवात कोठून करावी?

इंटर्नशिपपासून. तेथे विद्यापीठाची परीक्षा नसते, गुण नसतात, त्यामुळे कोणाचीही परवानगी घ्यावी लागत नाही. मुखशल्यचिकित्सा विभागाने एकच काम निवडावे, उदाहरणार्थ खालची दाढ काढणे, आणि इंटर्न विभागात आला की पहिल्या आठवड्यात त्याचे ते काम एका अध्यापकाने पूर्ण पाहून त्याची पायरी लिहून ठेवावी. त्याची दीड महिन्याची पाळी संपताना दुसऱ्या अध्यापकाने, आधीची नोंद न पाहता, पुन्हा पाहावे. दोन्ही नोंदी इंटर्नसमोर ठेवून दहा मिनिटे बोलावे. वर्षभराने विभागाकडे प्रत्येक इंटर्नच्या अशा दोन-दोन नोंदी जमतील आणि किती जण ‘एकटा करू शकतो’ या पायरीवर न पोहोचताच प्रमाणपत्र घेऊन गेले हे कळेल. तो आकडा कोणालाही आवडणार नाही. तो विभागाच्या बैठकीत ठेवायचा की कपाटात, हे मात्र विभागप्रमुखांनी पहिला तक्ता छापण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.